कळ तीच, अक्षर वेगळे
सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीचे एक परीक्षण

परभणीहून गंगाखेडच्या दिशेने निघाले की वाटेत पोखर्णी लागते. नृसिंहाच्या मंदिरामुळे हे गाव दूरवर माहीत आहे. परभणी-परळी लोहमार्गावरच्या स्थानकाचे नावदेखील 'पोखर्णी नृसिंह' असेच आहे. या परिसरातील एका शाळेत गणित शिकवणारे माझे एक स्नेही आहेत. शाळेच्या प्रश्नपत्रिका, विद्यार्थ्यांच्या याद्या, पालकसभेच्या सूचना हे सगळे टंकनाचे काम बारा वर्षे त्यांच्याकडेच होते. कळफलकाकडे न पाहता त्यांचा हात चालत असे.

मग शाळेत नवा संगणक आला. एका तरुण सहकाऱ्याने त्यात मराठीची नवी सोय करून दिली. गुरुजी नेहमीच्या सवयीने बसले, 'भारत' हा शब्द टंकला, आणि पडद्यावर उमटले 'फककरी'. पुन्हा टंकला, पुन्हा 'फककरी'. जुन्या प्रश्नपत्रिका उघडून पाहिल्या तर त्यांत ओळीमागून ओळी अगम्य इंग्रजी अक्षरे. मी भेटायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "बारा वर्षं झाली हात बसून. आता पुन्हा बालवाडीत बसू का?"

अशा वेळी आपण सहसा उपदेश करतो. काळ बदलतो आहे, आपणही बदलले पाहिजे, वगैरे. पण गुरुजींचा प्रश्न उपदेशाने सुटणारा नाही, कारण तो आळसाचा प्रश्नच नाही. कष्टाने मिळवलेले एक कौशल्य एका दिवसात निरुपयोगी का व्हावे, आणि त्या बदल्यात काय मिळते, असे ते विचारीत आहेत. पुस्तकाची नवी आवृत्ती आली की आपण तिचे परीक्षण करतो. काय सुधारले, काय बिघडले, ते पाहतो. सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीलाही हाच न्याय लावायला हवा. येथे तो प्रयत्न केला आहे.

बदल तीन प्रकारचे

सॉफ्टवेअर बदलले असे आपण सरसकट म्हणतो, पण त्या एका शब्दात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात.

पहिला बदल रूपाचा. रंग, चित्रे, अक्षरांचा घाट बदलतो. दुसरा बदल जागेचा. काम तेच, पण त्याची आज्ञा दुसऱ्या ठिकाणी गेलेली असते. तिसरा बदल साठवणीचा. पडद्यावर दिसते ते पूर्वीसारखेच, पण आत ते ज्या आकड्यांच्या रूपात ठेवले जाते ते आकडे बदललेले असतात.

पहिल्या बदलाची सवय लवकर होते. दुसऱ्याला थोडे आठवडे लागतात. तिसरा बदल डोळ्यांना दिसतच नाही, आणि म्हणूनच तो सर्वांत अधिक त्रास देतो. नवी आवृत्ती समोर आली की यांपैकी कोणता बदल झाला आहे हे आधी ओळखावे. पुष्कळसा गोंधळ तेवढ्यानेच कमी होतो.

जागा बदलली तेव्हा

दुसऱ्या प्रकारचे सर्वांच्या ओळखीचे उदाहरण म्हणजे 'वर्ड'. २००३ च्या आवृत्तीत वरच्या बाजूला फाइल, एडिट, व्ह्यू, इन्सर्ट अशी नावे ओळीने होती, आणि प्रत्येक नावाखाली आज्ञांची यादी उघडत असे. २००७ च्या आवृत्तीत ती ओळ गेली आणि चित्रांच्या बटणांची रुंद पट्टी आली. जगभर कुरकुर झाली. आपल्याकडे ती जरा अधिकच झाली असावी, कारण आपल्याकडील बरेचसे संगणक शिक्षण जागा पाठ करून घेण्याचे होते. 'फाइलमध्ये जा, वरून अमुक ओळीवर टिचकी मारा' अशा नोंदी वह्यांतून असत. ओळच नाहीशी झाल्यावर त्या वह्यांचा उपयोग संपला.

आता या बदलाचे गुणदोष पाहू. पानाच्या माथ्यावर आणि तळाशी येणारा मजकूर, म्हणजे शाळेचे नाव किंवा पानाचा क्रमांक, घालण्याची आज्ञा जुन्या आवृत्तीत 'व्ह्यू' या नावाखाली होती. वास्तविक आपण तेथे काही पाहत नाही, घालतो. नव्या आवृत्तीत ती 'इन्सर्ट'मध्ये आली. ही सुधारणाच म्हटली पाहिजे. उलट 'फाइल' हा शब्द काढून त्याच्या जागी कोपऱ्यात एक गोल चिन्ह ठेवले गेले. ते बटण आहे हेच अनेकांच्या लक्षात येईना. साठवायचे कोठून आणि छापायचे कोठून, असा प्रश्न पडू लागला. २०१० च्या आवृत्तीत 'फाइल' हा शब्द परत आला. चूक नेहमी वापरणाऱ्याचीच असते असे नाही, हे यावरून दिसते.

एक गोष्ट मात्र फारशी कोणी सांगितली नाही. या सगळ्या उलथापालथीत कंट्रोल आणि सी, कंट्रोल आणि पी यांसारख्या कळांच्या जोड्या होत्या तशाच राहिल्या. ज्याला त्या येत होत्या, त्याचे काम पहिल्या दिवशीही अडले नाही.

अक्षरांचा मुखवटा

आता गुरुजींच्या 'फककरी'कडे येऊ. येथे दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारचा बदल एकाच वेळी झालेला आहे.

संगणक अक्षर साठवीत नाही, आकडा साठवतो. इंग्रजी अक्षरांचे आकडे फार पूर्वी ठरले. मराठीसाठी तसे सर्वमान्य आकडे वापरात नव्हते तेव्हा एक युक्ती निघाली. आकडे इंग्रजी अक्षरांचेच ठेवायचे आणि फाँटमध्ये त्या जागी मराठी आकार काढून ठेवायचे. कृतिदेव हा त्या पद्धतीचा एक प्रसिद्ध फाँट. त्यात 'भारत' लिहिला की संगणकात साठतात मोठी लिपीतला एच, मग के, के, जे आणि आर. म्हणजेच ७२, १०७, १०७, १०६, ११४ हे आकडे. संगणकाच्या लेखी तेथे मराठी नसतेच. इंग्रजी अक्षरांनी मराठी मुखवटे घातलेले असतात. फाँट काढला की मुखवटा उतरतो. गुरुजींना जुन्या प्रश्नपत्रिकांत दिसली ती ही मूळची अक्षरे.

युनिकोड या पद्धतीने ही लबाडी संपवली. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली प्रसिद्ध झाली. भारतीय लिप्यांसाठी तयार झालेल्या 'इस्की' या मानकाची मांडणी तिने आधाराला घेतली. देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ असे १२८ आकडे राखून ठेवले गेले. त्यात 'भारत' म्हणजे भ २३४९, काना २३६६, र २३५२, त २३४०. हे आकडे दुसऱ्या कोणत्याही लिपीचे नाहीत. फाँट बदलला तरी भ हा भच राहतो.

याचा फायदा काय? एक साधा प्रयोग करून पाहता येतो. अनिल, कमल, गणेश आणि बबन ही चार नावे कृतिदेवमध्ये लिहून संगणकाला अकारविल्हे लावायला सांगा. तो बबन, कमल, अनिल, गणेश अशी यादी देईल. कारण त्या फाँटमध्ये ब म्हणजे सी, क म्हणजे डी, अ म्हणजे व्ही आणि ग म्हणजे एक्स. संगणकाने इंग्रजी क्रम प्रामाणिकपणे पाळला. तीच नावे युनिकोडमध्ये लिहिली तर अनिल पहिला येतो, कारण तेथे क, ख, ग, घ यांना २३२५ पासून ओळीने आकडे दिलेले आहेत.

यादीचा प्रश्न एखादे वेळी हाताने सोडवता येईल. पण आपल्या शाळेत एखादी अंध विद्यार्थिनी असली तर? पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी आज्ञावली आकडे पाहून वाचते, मुखवटा पाहून नव्हे. जुन्या पद्धतीची प्रश्नपत्रिका तिच्या हाती आली तर तिला 'भारत' ऐकू येणार नाही. निरर्थक इंग्रजी अक्षरे ऐकू येतील. डोळस माणसाला जो बदल दिसतही नाही, तो तिच्या दृष्टीने वाचता येणे आणि न येणे यांतला फरक आहे. गुरुजींच्या 'त्या बदल्यात काय मिळते' या प्रश्नाचे हे मला सर्वांत महत्त्वाचे उत्तर वाटते.

हाताची सवय आणि ऋण संक्रमण

उत्तर पटले तरी हात ऐकत नाही. त्याचे कारण आपण सर्वांनी डी.एड., बी.एड.ला शिकलो आहोत : अध्ययन संक्रमण. थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनी १९०१ साली असे मांडले की एक कौशल्य दुसऱ्याच्या उपयोगी पडते ते दोहोंत समान घटक असतील तेवढ्याच प्रमाणात. जुनी सवय नव्या शिक्षणाच्या आड आली तर आपण त्याला ऋण संक्रमण म्हणतो. ते सर्वांत तीव्र होते तेव्हा, जेव्हा प्रसंग तोच राहतो पण त्याला द्यायचा प्रतिसाद बदलतो. कळफलक तोच, शब्द तोच, बोट मात्र दुसरीकडे न्यायचे.

कृतिदेवमध्ये के या कळेवर काना आहे. मराठीत काना पावलोपावली लागतो, त्यामुळे ती कळ बोटात मुरलेली. १९८६ साली प्रमाण ठरलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकात त्याच कळेवर क आहे. गुरुजींच्या बोटांनी 'भारत'साठी ज्या पाच कळा दाबल्या, त्यांवर इन्स्क्रिप्टमध्ये अनुक्रमे फ, क, क, र आणि दुसरी वेलांटी आहेत. म्हणून 'फककरी'. संगणक बिघडला नव्हता, गुरुजींचे बोटही चुकले नव्हते. दोघांचा करार तेवढा बदलला होता. र मात्र दोन्हीकडे जे या एकाच कळेवर आहे. म्हणून 'फककरी'मध्येही र आपल्या जागी दिसतो. समान घटकांचा सिद्धांत येथे एका अक्षरापुरता पडद्यावरच सिद्ध झाला!

या दोन मांडण्यांमागचा विचारही वेगळा आहे. जुनी मांडणी टंकलेखन यंत्रातून आली. यंत्राला कळा थोड्या, म्हणून अक्षरांचे तुकडे केले आणि डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने ते छापायचे ठरले. 'किरण' लिहिताना वेलांटी आधी, क नंतर. 'कर्म' लिहिताना क, म आणि शेवटी रफार. इन्स्क्रिप्टमध्ये उच्चाराचा क्रम आहे. 'किरण'मध्ये क आधी, वेलांटी नंतर. 'कर्म'मध्ये क, र, हलन्ताची खूण, म. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. ज्या कळेवर क तिच्यावरच शिफ्ट दाबून ख, त तेथेच थ. वर्णमालेची रचना ज्याला समजली आहे, त्याला अर्धा कळफलक आधीच येत असतो. रफार म्हणजे पुढच्या अक्षराच्या आधी उच्चारलेला र, हे आपण व्याकरणाच्या तासाला सांगतो; नवा कळफलक तेच बोटांकडून करून घेतो.

म्हणजे नवी आवृत्ती विचाराने अधिक चांगली आहे. पण हे कारण गुरुजींना कोणी सांगितलेच नव्हते. त्यांना फक्त कळांचा एक तक्ता मिळाला होता. कारणाशिवाय दिलेला तक्ता म्हणजे पुन्हा जागा पाठ करणेच.

नव्या आवृत्तीच्या उणिवा

परीक्षण करायचे तर नव्या पद्धतीचे दोषही सांगायला हवेत.

'ॲ' हेच अक्षर घ्या. मराठीत 'ॲसिड', 'ॲड्रेस' असे शब्द आपण रोज लिहितो. पण युनिकोडमध्ये या अक्षराला स्वतंत्र आकडा, २४१८, मिळाला तो २००८ सालच्या ५.१ या आवृत्तीत. तोपर्यंत लोक अ आणि त्यावर चंद्र, म्हणजे २३०९ आणि २३७३, असे दोन आकडे वापरीत. दिसायला दोन्ही सारखेच. पण नव्या पद्धतीने लिहिलेला 'ॲसिड' शोधायला सांगितले तर जुन्या पद्धतीने लिहिलेला सापडेलच असे नाही. डोळ्यांना एक, संगणकाला दोन.

दुसरे उदाहरण 'ऱ्य'चे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. हा भेद आपल्याला जपलाच पाहिजे. पण 'दऱ्या'तले जोडाक्षर दोन रीतींनी साठवता येते : एक नुक्ता असलेल्या ऱ पासून, दुसरी साध्या र ला हलन्तानंतर एक न दिसणारे जोडचिन्ह देऊन. येथेही तोच घोटाळा. जुना मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करताना चुका होतात त्या बहुधा अशाच जागी.

तिसरे उदाहरण ळ चे. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो. युनिकोडमध्ये त्याचा आकडा २३५५, म्हणजे ल च्या लगेच पुढे, कारण मूळ मांडणी अनेक भारतीय लिप्यांना मिळून केली होती. नुसत्या आकड्यांवर विसंबले तर मराठी अकारविल्हे पूर्ण बरोबर येत नाही. त्यासाठी भाषेचे नियम वेगळे द्यावे लागतात.

याउलट ल आणि श यांच्या आकारांचा वाद घ्या. संगणकावर अनेकदा हिंदी वळणाचे ल आणि श दिसतात, म्हणून आपण नाराज होतो. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वळणाचे, पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरावेत असे ठरवले. पण हा बदल पहिल्या प्रकारचा, रूपाचा आहे. दोन्ही वळणांचा आकडा एकच; योग्य फाँट निवडला की काम झाले. न आवडणारा फाँट पाहून युनिकोडच नाकारणे म्हणजे अंगरखा आवडला नाही म्हणून माणसालाच घराबाहेर काढणे होय.

आण्यांकडून नव्या पैशांकडे

मोठा बदल नीट कसा करावा, याचे एक उदाहरण आपल्या देशातच आहे. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. त्या दिवशी देशभरच्या माणसांची हिशेबाची 'आवृत्ती' बदलली. पण जुनी नाणी लगेच रद्द झाली नाहीत; काही वर्षे दोन्ही चालली. नव्या नाण्यावर ते रुपयाचा कितवा भाग आहे हे लिहिलेले होते. नावातच 'नया' हा शब्द ठेवला, म्हणजे जुन्या पैशाशी गल्लत होणार नाही. लोकांना सवय झाल्यावर, १९६४ साली, तो काढला. आणि चार आणे म्हणजे नेमके पंचवीस पैसे, आठ आणे म्हणजे पन्नास, असे समान टप्पे होते. म्हणून तर 'चार आणे', 'आठ आणे' हे शब्द नंतरही कितीतरी वर्षे आपल्या तोंडी राहिले.

जुने आणि नवे काही काळ शेजारी असणे, रूपांतर नाण्यावरच लिहिलेले असणे, कारण आधी सांगितलेले असणे आणि काही खुणा कायम राहणे या चार कसोट्या येथे मिळतात. त्यांवर मराठी टंकनाचा बदल तपासला तर काय दिसते? पद्धत उत्तम, पण तिच्याकडे नेणारा रस्ता कच्चा. आकड्यांचे काम करणाऱ्यांनी पुष्कळ विचार केला. बारा वर्षे जुन्या पद्धतीने लिहिणाऱ्याचा विचार मात्र त्याच्या शेजाऱ्यावर सोपवला गेला.

शाळेत काय करता येईल

जुना संगणक आणि जुना फाँट लगेच टाकून देऊ नयेत. फाँट नव्या संगणकावर बसवला की जुन्या प्रश्नपत्रिका पुन्हा दिसू लागतात. मग सवडीने, ज्या खरोखर लागणार आहेत त्यांचेच रूपांतर करावे. रूपांतर झाल्यावर रफार, ऱ्य आणि ॲ असलेले शब्द डोळ्यांखालून घालावेत. नुसती पीडीएफ करून ठेवली तर रूप टिकते, पण आतले आकडे जुनेच राहतात, हे विसरू नये.

बदल परीक्षेच्या आठवड्यात करू नये, सुटीत करावा. पहिले काही दिवस वेग अगदी कमी होणार, हे गृहीत धरावे. ब्रायन आणि हार्टर यांनी १८९७ आणि १८९९ साली तारायंत्र शिकणाऱ्यांच्या अभ्यासात दाखवलेली पठारावस्था येथेही येते. वेग काही काळ वाढतच नाही आणि मग एकदम वाढतो. दररोज पंधरा मिनिटे, आणि त्या वेळेत जुन्या मांडणीला हात लावायचा नाही, एवढा नियम पुरेसा आहे.

विद्यार्थ्यांसाठी हा बदल एक उत्तम धडा होऊ शकतो. आठवी-नववीच्या मुलांना प्रत्येकी आपले नाव युनिकोडच्या आकड्यांत लिहायला सांगा. 'कर्म' आणि 'क्रम' यांत आकडे तेच असतात, क्रम तेवढा वेगळा; असे का, हे त्यांनाच शोधू द्या. बटण कोठे आहे हे त्यांना शिकवायलाच हवे, पण तेथे थांबू नये. बटणाच्या जागा ती मुले मोठी होईपर्यंत अनेकदा बदलतील. अक्षर आकड्यांत साठते, आणि तो आकडा कोणीतरी ठरवलेला असतो, ही समज मात्र त्यांना पुढच्या प्रत्येक आवृत्तीत उपयोगी पडेल.

गुरुजींचे काय झाले? दिवाळीच्या सुटीत ते रोज बसले. आता त्यांचा वेग पूर्वीच्या निम्म्यावर आला आहे, असे ते सांगतात. पूर्वीइतका होईल की नाही, याची त्यांना खात्री नाही. पण परवा त्यांनी एक यादी दाखवली. इयत्ता नववीची, अकारविल्हे लावलेली. तीत अनिल बबनच्या आधी होता, आणि ती त्यांनी हाताने लावलेली नव्हती.